मित्रामागे उरलेल्या रायफली: किंमत ठरवण्याआधी, विकण्याआधी

अमेरिकेत आयुष्य काढलेल्या मराठी माणसांत जुन्या लष्करी बंदुका जमवणारे थोडे का होईना, आहेत. कुणाचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत इटलीच्या आघाडीवर लढलेले असतात, कुणाला यंत्रांची उपजत ओढ असते, कुणी कामावरच्या अमेरिकी मित्राबरोबर रेंजवर जाता जाता या छंदात पडतो. वर्षे जातात आणि तळघरातल्या लोखंडी कपाटात पंधरा-वीस नग जमतात. मग तो माणूस जातो. दिवसकार्य होते, नातेवाईक परततात आणि वहिनींचा फोन येतो: "भाऊजी, मला यातलं काही कळत नाही. ते कपाट घरात असलं की झोप लागत नाही. तुम्हीच काय ते बघा."

असा फोन ज्यांना येऊ शकतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या कामात वहिनींचे नुकसान बहुधा दोन गोष्टींनी होते: घाईने आणि भिडेने. कपाट लवकर रिकामे व्हावे म्हणून सगळा संग्रह पहिल्या दुकानदाराला एकरकमी दिला जातो, किंवा ओळखीचाच कुणी "मी घेतो सगळं" म्हणतो आणि त्याला नाही म्हणवत नाही. म्हणून यादी तयार होईपर्यंत काहीही विकायचे नाही, काहीही घासायचे-पुसायचे नाही आणि घराबाहेर काहीही न्यायचे नाही, एवढे पहिल्याच फोनवर त्यांना सांगून टाका.

हात घालण्यापूर्वी स्वतःकडे बघा. तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर पुढे वाचा. पण एच-1बी, एल-1, एफ-1 किंवा पर्यटक व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे बंदूक वा काडतूस जवळ बाळगणे हा तुमच्यासाठी गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणे, असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. "दोन दिवस माझ्या घरी ठेवतो" ही मदत तुमच्या व्हिसावर आणि पुढे ग्रीन कार्डावर बेतू शकते. तुम्ही कागद सांभाळा, फोन करा, यादी लिहा. नग हाताळायला दुसरा माणूस आणा. भारतातून आलेल्या आई-वडिलांना किंवा पुतण्याला कौतुकाने एखादी रायफल हातात देऊन फोटो काढणेही याच कारणासाठी टाळा.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. वहिनींनी सांगितले म्हणून तुम्हाला विकण्याचा अधिकार मिळत नाही. मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेला एक्झिक्युटर, नसेल तर कोर्टाने नेमलेला प्रशासक, हाच त्या वस्तूंची विल्हेवाट लावू शकतो. बहुतेक घरांत त्या वहिनीच असतात, पण कोर्टाचे नेमणूकपत्र हातात येण्याआधी व्यवहार करू नका. राज्याचे कायदे वेगवेगळे आहेत आणि काही ठिकाणी घड्याळ लगेच सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल-रिव्हॉल्व्हर एक्झिक्युटरला जेमतेम 15 दिवस ठेवता येते. त्या मुदतीत कायदेशीर विक्री करावी लागते, नाही तर पोलिसांकडे जमा करावे लागते. कॅलिफोर्नियात वारशाने आलेल्या बंदुकीची नोंद 30 दिवसांत करावी लागते. तेव्हा त्या राज्यात प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र-वारशाच्या प्रकरणांचे, काम करणाऱ्या वकिलाला एक तासाची फी देऊन सुरुवातीलाच विचारा. या संपूर्ण कामातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च तोच आहे.

मग सुरक्षा. कपाटातली प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे धरूनच चाला. मित्र कितीही काटेकोर असला तरी. बोल्ट उघडून चेंबर तपासणे ज्याला सहज जमते अशाच माणसाला ते करू द्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, एका वेळी एकच नग. जुनी काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवा. संग्रहात हातबॉम्ब, तोफगोळा किंवा फ्यूज असे काही दिसले, तर ते "रिकामेच असणार" असे समजून उचलू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या आणि पोलिसांना कळवा. त्यांचे बॉम्बपथक येऊन तपासते, यात वहिनींना ओशाळे वाटण्यासारखे काही नाही. आणखी एक गोष्ट, जी दुःखाच्या दिवसांत कुणाच्या लक्षात येत नाही: श्रद्धांजलीच्या निवेदनात किंवा समाजमाध्यमावर मित्राच्या या छंदाचा उल्लेख नको. चोरही अशी निवेदने वाचतात, आणि घराच्या विम्यात बंदुकांच्या चोरीची भरपाई बहुधा तुटपुंजी असते.

आता सर्वांत गंभीर भाग. मित्राच्या कपाटात स्वयंचलित शस्त्र आहे का? माणगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे धावून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांच्या हातात टॉमीगन होती. तशी टॉमीगन, म्हणजेच थॉम्पसन सबमशीनगन, जर्मन एमपी-40 किंवा ब्रिटिश स्टेन एखाद्या संग्रहात असू शकते. अशा शस्त्रांना अमेरिकेत 1934 चा नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट लागू आहे. 16 इंचांहून आखूड नळीची रायफल, 18 इंचांहून आखूड नळीची शॉटगन आणि सायलेन्सर हेही त्याच कायद्यात येतात. यांपैकी प्रत्येक वस्तूची एटीएफ या संघीय खात्याकडे मालकाच्या नावाने नोंद असावी लागते. नोंदीचा कागद बँकेच्या लॉकरात, फायलीत, कपाटाच्या दाराआड, कुठेही असू शकतो. तो जिवापाड शोधा.

नोंद असेल तर वारसाला ते शस्त्र करमुक्त अर्जावर, म्हणजे फॉर्म 5 वर, हस्तांतरित करता येते. बाहेरच्याला विकायचे असेल तर फॉर्म 4 लागतो. खासगी मालकांसाठी मशीनगनची नवी नोंदणी 19 मे 1986 पासून बंद आहे, त्यामुळे त्या तारखेआधी नोंदलेल्या नगांना फार मोठी किंमत येते. एका नगाची किंमत बाकी सगळ्या कपाटाहून जास्त असू शकते. पण मंजुरी येण्याआधी ते शस्त्र "फक्त सांभाळायला" म्हणूनही डीलरकडे देता येत नाही, ते एक्झिक्युटरच्याच ताब्यात राहावे लागते. अनेक सद्हेतूने वागणारे लोक इथे चुकतात.

नोंद नसेल तर? युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आणलेल्या कितीतरी मशीनगन्स कधी नोंदवल्याच गेल्या नाहीत. 1968 मध्ये त्यासाठी महिनाभराची माफी-मुदत मिळाली होती, तशी पुन्हा मिळालेली नाही. नोंद नसलेले शस्त्र आज नोंदवता येत नाही, विकता येत नाही, वारसाला देता येत नाही. नळीत वितळलेला धातू भरून निकामी केलेल्या नगालाही बहुधा हेच लागू होते. शिक्षा 10 वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. अशा वेळी वकिलाला बोलवा. मृत मालकाच्या नावाने नोंद आहे का, अशी विचारणा एक्झिक्युटर एटीएफकडे करू शकतो. नसल्यास ते शस्त्र वकिलामार्फत सरकारजमा करणे हाच मार्ग उरतो. मित्राची आवडती वस्तू अशी जाताना वाईट वाटते, पण वहिनींना गुन्हेगार ठरवण्याइतकी ती वस्तू मोलाची नाही.

हा टप्पा ओलांडला की यादी. ही मी स्वतः बसून करण्याच्या पक्षात आहे, मूल्यमापकावर सोडण्याच्या नाही. कारण मित्राच्या फायली, पावत्या, पत्रे यांत कुठे काय असेल हे घरच्यांनाच उमगते. प्रत्येक नगाला एक पान. नाव, कारखाना, साल, नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येक शिक्क्याचा जवळून फोटो. सोबतची संगीन, पट्टा, मॅगझिन, चामडी म्यान, दुर्बीण, तेलाची बाटली, सगळे त्या-त्या नगाबरोबरच ठेवा. आवराआवरीच्या नादात सगळ्या संगिनी एका खोक्यात आणि सगळे पट्टे दुसऱ्यात टाकले, तर मित्राने वीस वर्षे खपून जुळवलेली जोडी पुन्हा जुळत नाही. पिस्तुलाच्या म्यानातला खिसा उघडून पाहा. ब्रिंगबॅक-पेपर किंवा कॅप्चर-पेपर म्हणतात ते, म्हणजे सैनिकाला हे शस्त्र घरी नेण्याची परवानगी देणारे कमांडिंग ऑफिसरच्या सहीचे पत्र, अशाच खिशात किंवा दस्त्यातल्या पोकळीत घडी करून ठेवलेले सापडते. त्यावर नंबर असेल आणि तो शस्त्राशी जुळत असेल, तर किंमत लक्षणीय वाढते.

उलट, कागद नसलेल्या गोष्टीला बाजारात मोल नाही. "ही मराठा पलटणीची, इटलीत लढलेली" असे मित्र सांगत असे, हे खरेही असेल. पण घेणारा वस्तूवरच्या खुणा पाहतो. ती गोष्ट जरूर लिहून ठेवा, मुलांना सांगा. किंमत मात्र तिच्यावर मागू नका.

आणि स्वच्छता करू नका, हे मी पुन्हा सांगतो. आपल्याकडे वस्तू विकण्याआधी लखलखीत करण्याची पद्धत आहे. पितळेची समई घासावी तसे लोखंडी लोकर घेऊन नळी घासली, लाकडी दस्त्याला सँडपेपर मारून वॉर्निश दिले, की 80 वर्षांपूर्वीचा मूळ रंग आणि लाकडात ठोकलेला तपासनिसाचा शिक्का दोन्ही जातात. पुढे कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही. ताजा लाल गंज पसरत असेल तर मऊ फडक्याने पातळ तेलाचा हात, बस्स. जर्मन पिस्तुलावरचे नाझी शिक्के पाहून घरात कुणाला ते खरवडून काढावेसे वाटेल. त्यांनाही थांबवा. नंबर घासणे तर सरळ गुन्हा आहे.

किंमत कशी ठरते? या क्षेत्रात मूळपणाला मोल आहे, दिसण्याला नंतर. दोन रायफली शेजारी ठेवल्या आणि एक चकचकीत, दुसरी काळवंडलेली असेल, तर काळवंडलेलीच महाग निघण्याची शक्यता जास्त. जर्मन लुगर किंवा कार98के मध्ये लहान-लहान भागांवरही नंबर असतात. सगळे जुळत असतील तर संग्राहक त्याला "ऑल मॅचिंग" म्हणतात, आणि बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा निघाला तरी किंमत कोसळते. रशियन सैन्याने जप्त करून नंतर दुरुस्त केलेल्या कार98के रायफलींवर वेगवेगळे नंबर आणि घाईने फासलेले लाकडी पॉलिश दिसते. त्या खऱ्याच आहेत, पण स्वस्त.

आयातदाराचा शिक्का पाहा. 1968 च्या कायद्यानंतर परदेशातून आलेल्या बंदुकीवर आयातदाराला आपली खूण कोरावी लागते. तशी खूण असेल तर ती रायफल एखाद्या सैनिकाच्या पिशवीतून आली, हे म्हणणे टिकत नाही. याउलट, दस्ता पुढच्या पट्टीखाली कापून पुन्हा जोडलेला दिसला तर नाराज होऊ नका. रायफल प्रवासी पिशवीत मावावी म्हणून सैनिक दस्ता कापत असत, त्याला "डफल कट" म्हणतात. किंमत थोडी उतरते, पण त्या काटछाटीतच तिच्या प्रवासाचा पुरावा असतो. शिकारीसाठी नळी-दस्ता कायमचा बदललेली रायफल मात्र संग्राहकाच्या दृष्टीने संपलेली असते.

जपानी अरिसाका रायफलीच्या चेंबरच्या माथ्यावर सम्राटाचे शेवंतीचे फूल कोरलेले असे. शरणागतीनंतर ज्या जमा झाल्या त्यांवरचे फूल घासून टाकलेले आढळते. फूल शाबूत असेल तर दर वेगळा. अमेरिकी एम-1 कार्बाइन साठ लाखांहून अधिक बनल्या, आणि त्या बनवणाऱ्या दहा मुख्य कंत्राटदारांत टाइपरायटरची अंडरवूड, आयबीएम, ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला अशा कंपन्या होत्या. त्यामुळे कार्बाइनवरचे नाव वाचल्याशिवाय किंमत बोलू नका. इनलँड या कंत्राटदाराचा साधा नग आणि रॉक-ओलाचा नग यांत मोठा फरक पडतो. पॅराशूट सैनिकांची घडीच्या दस्त्याची एम-1ए1 दिसली तर आनंदाआधी शंका घ्या, कारण ते दस्ते फार मोठ्या प्रमाणावर नकली बनले आहेत. शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीने बनवलेली एम-1911ए1 पिस्तुले फक्त 500. "सिंगर" नाव कोरलेली बनावट पिस्तुले त्यामुळेच फिरतात.

1903 ची स्प्रिंगफील्ड रायफल असेल तर किंमतीआधी नंबर पाहा, सुरक्षेसाठी. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 800,000 खालच्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या 285,507 खालच्या नंबरांच्या रायफलींतले पोलाद जास्त तापवले गेल्याने ठिसूळ निघाले आणि काही फुटल्या. त्या भिंतीवर शोभतात, चालवायच्या नाहीत, आणि विकताना हे स्पष्ट सांगायचे.

आपल्या मित्रांच्या कपाटात बहुतेक वेळा सापडतेच ती ब्रिटिश सैन्याची ली-एनफील्ड रायफल, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगावेसे वाटते. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली असेल तर दस्त्याच्या मुळाशी, धातूच्या कड्यावर, मुकुटाखाली जीआरआय ही अक्षरे आणि साल दिसते. ही बादशहा सहाव्या किंवा पाचव्या जॉर्जची खूण. स्वातंत्र्यानंतरच्या नगांवर अशोकस्तंभाचे सिंह येतात. लाकूड तडकू नये म्हणून आडवा बसवलेला जादा स्क्रू हीसुद्धा ईशापूरची ओळख. नळीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती बॉम्ब फेकण्यासाठी मजबूत केलेली. 1962 च्या चीन युद्धानंतर 7.62 मि.मी. काडतुसासाठी बनलेल्या ईशापूरच्याच 2ए आणि 2ए1 रायफलीही अमेरिकेत सैन्याचा जुना माल म्हणून भरपूर आल्या. भावनेच्या दृष्टीने मराठी घराला यांचे मोल खूप, बाजारात मात्र बेताचे, आणि हे वहिनींना आधीच समजावून सांगणे बरे. खरी किंमत ली-एनफील्डच्या नंबर 4 (टी) या स्नायपर रायफलीला, तीही मूळ दुर्बीण, जुळणारा नंबर आणि लाकडी पेटी सोबत असेल तर. जंगल कार्बाइन म्हणून विकल्या गेलेल्यांत साध्या रायफली कापून बनवलेल्या पुष्कळ आहेत. खैबर खिंडीतल्या खेड्यांत हाताने घडवलेल्या नकलाही ली-एनफील्डच्या रूपात भेटतात. शिक्क्यातले इंग्रजी अक्षर उलटे किंवा स्पेलिंग चुकलेले दिसले की समजावे, आणि ती चालवून पाहू नये.

हे वाचून घाबरू नका, तुम्हाला तज्ज्ञ व्हायचे नाही. मूल्यमापन स्वतंत्र, लिखित आणि फी घेऊन करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. जो किंमत ठरवतो त्याला त्यातले काही विकत घेऊ द्यायचे नाही, हा नियम मोडू नका. तुम्हाला स्वतःला एखादा नग हवा असेल तर तो आधी वहिनींच्या मुलांसमोर बोला, मूल्यमापकाचा आकडा येऊ द्या आणि त्या आकड्याने घ्या, मैत्रीच्या सवलतीने नव्हे. स्वतः अंदाज घ्यायचा असेल तर गनब्रोकरसारख्या ठिकाणी लोक काय मागतात ते पाहू नका, पूर्ण झालेल्या विक्रीचे दर पाहा. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकालही उघड असतात, पण त्यांतल्या आकड्यांत घेणाऱ्याने वर भरलेला प्रीमियम धरलेला असू शकतो आणि विकणाऱ्याचे कमिशन त्यातून वेगळे कापले जाते, हे ध्यानात ठेवा.

विकायचे कुठे, हे संग्रहावर अवलंबून. दोन-चार साधे नग असतील तर स्थानिक परवानाधारक दुकानात कमिशनवर ठेवणे सोपे. दुकानदार रोख विकत घेतो तेव्हा त्याला पुढे नफा हवा असतो, त्यामुळे तो बराच कमी देणार, हे रास्तच आहे. दुर्मीळ नग, कागदपत्रांसह आलेले नग, नोंदलेल्या मशीनगन्स असतील तर रॉक आयलंड ऑक्शन किंवा मॉर्फी यांच्यासारखे लष्करी शस्त्रांचे लिलाव करणारे घर गाठा. दोन-तीन ठिकाणी यादी पाठवा आणि कमिशन, विमा, फोटो, वाहतूक, न विकल्यास परतीचा खर्च हे सगळे लेखी घ्या. मोठ्या संग्रहासाठी कमिशन कमी करून मिळते, ते मागायला संकोचू नका. एकेक नग वेचून घेणाऱ्याला सगळे चांगले उचलू देऊ नका, मागे उरलेल्या सामान्य नगांना मग कुणी विचारत नाही.

थेट व्यक्तीला विकायचे झाल्यास, दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विक्री परवानाधारक डीलरमार्फतच करावी लागते. 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या बंदुकांना "क्युरिओ अँड रेलिक" हा दर्जा असतो, आणि तसा संग्राहक-परवाना असलेल्या माणसाला त्या दुसऱ्या राज्यातही थेट घेता येतात. 1898 पर्यंत बनलेली, म्हणजे मार्टिनी-हेन्रीसारखी बंदूक, संघीय कायद्यात अँटिक ठरते आणि बरीच मोकळीक मिळते. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मुलगा दुसऱ्या राज्यात नेणार असेल, तर संघीय कायदा डीलरची सक्ती करत नाही, पण त्याच्या राज्यात ती वस्तू चालते का ते पाहावे लागते. तुमच्याच राज्यात, ओळखीच्या माणसाला विकतानाही मी डीलरमार्फत, पार्श्वभूमी-तपासणी करूनच द्या असे म्हणेन, तुमच्या राज्यात ते सक्तीचे असो वा नसो. थोडी फी पडते, पण बंदूक पुढे कुठेही गेली तरी वहिनींकडे कागद राहतो. पाठवणीचे कामही डीलरवरच सोपवा.

भारतात पाठवायचा विचार कुणी मांडला तर तो तिथेच थांबवा. ली-एनफील्डचा .303 हा भारतात निषिद्ध बोअर आहे, रायफल ईशापूरची असली तरी. आठवण म्हणून रिकामे काडतूससुद्धा सामानात नको. भारतीय विमानतळावर त्यावरून प्रवाशांना पोलीस ठाण्यात बसावे लागले आहे. मित्राच्या गावच्या घरी काही न्यायचे असेल तर फोटो, पत्रे, त्याने लिहिलेल्या टिपणवह्या न्या.

शेवटी कराचे कागद. वारशाने आलेल्या वस्तूचा कराचा पाया मित्राने मोजलेली मूळ किंमत नसतो, त्याच्या मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत असते. म्हणून मूल्यमापनाच्या कागदावर ती तारीख स्पष्ट लिहून घ्या. त्याने कधी काळी शंभर डॉलरला घेतलेली रायफल आज हजाराला गेली, तरी मूल्यमापन हजाराचे असेल तर वहिनींना नफ्यावर कर जवळपास लागत नाही. काही वस्तू संग्रहालयाला द्यायच्या ठरल्या आणि करात वजावट 5,000 डॉलरपेक्षा जास्त घ्यायची असेल, तर पात्र मूल्यमापकाचा अहवाल आणि फॉर्म 8283 लागतो. संग्रहालयाला आधी विचारा, ती सगळेच स्वीकारत नाहीत. प्रत्येक विक्रीची पावती, घेणाऱ्या डीलरचा परवाना क्रमांक, नगाचा नंबर, तारीख आणि रक्कम यांची एक फाइल करून वहिनींच्या हाती द्या, एक प्रत त्यांच्या अकाउंटंटला आणि एक वकिलाला.